एरंडोलच्या घरात मांजराचं लिटर: माती, भुसा की कागद?

मांजरासाठी घरात लिटरचा, म्हणजे विधीसाठी माती-भुसा भरलेला, ट्रे ठेवणं ही खान्देशातल्या एरंडोलसारख्या गावात अलीकडची गोष्ट आहे. धाब्याच्या जुन्या घरांना परस असायचं, धान्याच्या कोठ्या असायच्या. मांजर उंदरांसाठी पाळलं जायचं आणि आपला विधी ते परसात, उकिरड्यावर नाहीतर कोणाच्या पडक्या जागेत उरकून यायचं. आता परसाच्या जागी फरशी आली, मजल्यावर मजले चढले, महामार्गावरची वाहनं दिवसरात्र धावू लागली आणि मांजराला घरातच ठेवणारी कुटुंबं वाढली. पाठोपाठ लिटरच्या पिशव्या घरपोच येऊ लागल्या. कोणावर ‘नैसर्गिक’ लिहिलेलं, कोणावर ‘विघटनशील’, कोणावर ‘सुगंधी’. यातलं मांजराला, घरातल्या माणसांना आणि गावच्या माती-पाण्याला कमीत कमी त्रास देणारं कोणतं, याचा विचार बहुतेक वेळा पिशवीवरचा मजकूर वाचून थांबतो. तो अपुरा आहे. लिटर कशाचं आहे हे जितकं महत्त्वाचं, तितकंच ते ट्रेमधून निघाल्यावर कुठे जातं हेही महत्त्वाचं. आणि ही दुसरी गोष्ट एरंडोलमध्ये वेगळी, मुंबईच्या विसाव्या मजल्यावर वेगळी असते.

मुळात गावात मांजराला लिटर हवंच कशाला, हा पहिला आक्षेप. मांजर बाहेर जातं, माती उकरतं, वर माती लोटतं, याहून पर्यावरणाला अनुकूल काय असणार? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे, पण मांजर उकरायला जागा कुठली निवडतं ते पाहावं. त्याला भुसभुशीत, कोरडी, बारीक कणांची जमीन आवडते. गावात अशी जमीन म्हणजे बांधकामावर आणून टाकलेला वाळूचा ढीग, नुकताच खुरपलेला भाजीचा वाफा आणि अंगणातल्या कुंड्या. वाळूच्या ढिगावर मुलं खेळतात आणि वाफ्यातली मेथी-कोथिंबीर ताटात येते. मांजराच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी इथे विचारात घ्यावा लागतो. उंदीर, पाखरं किंवा कच्चं मांस खाऊन मांजराला त्याची लागण होते. मग एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीचे लाखो सूक्ष्म कोश बाहेर पडतात. बहुतेक मांजरांच्या आयुष्यात असं एकदाच घडतं, पण ओलसर मातीत ते कोश वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ जिवंत राहतात. निरोगी माणसाला सहसा काही जाणवत नाही. गर्भारपणात पहिल्यांदा लागण झाली तर मात्र बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. मोकाट मांजराची घाण नाहीशी होत नाही, ती फक्त आपल्या नजरेआड दुसऱ्याच्या वाफ्यात जाते. म्हणून ट्रे हवा, आणि ट्रे आला की त्यात काय घालायचं हा प्रश्न आला.

जगभर या प्रश्नाचं सर्वांत रुळलेलं उत्तर म्हणजे माती. अमेरिकेत मिशिगनमध्ये १९४७ साली एडवर्ड लो या तरुणाने शेजारणीला मांजरासाठी राखेऐवजी तेल शोषणारी वाळवलेली माती दिली. ती इतकी पसंत पडली की त्यातून एक उद्योगच उभा राहिला. ही माती आपल्या मुलतानी मातीच्या जातीची होती. पुढे १९८०च्या दशकात बेंटोनाइट आलं. ओल लागताच ही माती फुगते आणि लघवीचा घट्ट गोळा होतो. गोळा उचलायचा, बाकीचं तसंच ठेवायचं. भारतात बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी कच्छमध्ये आणि राजस्थानातल्या बाडमेरकडे आहेत. खान्देशच्या वाचकाला यात ओळखीचं काही सापडेल. बेंटोनाइटचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट, आणि तापीच्या खोऱ्यातली कपाशीची काळी माती पावसात फुगते, उन्हात हात जाईल एवढी भेगाळते, तीही याच गटातल्या खनिजांमुळे. दख्खनचा काळा खडक झिजून आपली जमीन झाली, आणि कच्छचं बेंटोनाइटही त्याच ज्वालामुखी खडकांशी निगडित आहे. म्हणजे एरंडोलमध्ये बेंटोनाइटची पिशवी घेणारा माणूस गावाभोवती पसरलेल्या मातीचीच चुलत बहीण शेकडो किलोमीटरवरून मागवत असतो. याचा अर्थ शेतातलं ढेकूळ फोडून ट्रेमध्ये घालावं असा नाही. आपल्या मातीत सोडियमपेक्षा कॅल्शियम जास्त असल्यामुळे तिचा गोळा होत नाही, चिखल होतो आणि तो मांजराच्या पंजांना धरून घरभर फिरतो.

बेंटोनाइटवरचे आक्षेप तीन. पहिला खाणीचा: वरची सुपीक माती बाजूला सारून उघड्या खाणीतून ते काढावं लागतं, वाळवावं आणि दळावं लागतं, आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूसाठी हे सगळं होतं. दुसरा धुळीचा. या मातीत थोडीफार स्फटिकरूप सिलिका असते, आणि तिची बारीक धूळ श्वासातून सतत जात राहिली तर फुप्फुसाचा कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये दिला. तो प्रामुख्याने कामगारांच्या अभ्यासावर आधारलेला आहे. घरात ट्रे भरताना उडणाऱ्या धुळीला तोच धोका चिकटवणं अतिशयोक्ती ठरेल. तरी दम्याचा माणूस घरात असेल, किंवा मांजरालाच दमा असेल, तर धूळ उडवणारी माती टाळलेली बरी. माझ्या मते खरी काळजी खाणीत आणि गिरणीत ती धूळ रोज खाणाऱ्या मजुराची करायला हवी, आणि ‘सुरक्षित’ या शब्दात त्याचाही समावेश हवा. तिसरा आक्षेप पोटाचा. लहान पिल्लं दिसेल ते चाटतात, खातात, आणि फुगणारी माती आतड्यात जाणं बरं नव्हे. म्हणून पिल्लू दोन-अडीच महिन्यांचं होईपर्यंत तरी गोळा होणारी माती वापरू नये.

एवढं असूनही मातीला सरसकट बाद करणं मला पटत नाही. तिच्या बाजूने एक भक्कम मुद्दा आहे. बोक्याची मूत्रवाट खड्याने किंवा चिकट पदार्थाने तुंबते तेव्हा तो वारंवार ट्रेमध्ये बसतो, कुंथतो आणि काहीच होत नाही. वेळेवर उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. मातीत लघवीचे गोळे किती आणि केवढे झाले हे डोळ्यांना दिसतं. रोजचे दोन-तीन मोठे गोळे अचानक सुपारीएवढे बारीक झाले की मालक सावध होतो. मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात याउलट गोळे मोठे होत जातात. आजारी किंवा म्हाताऱ्या मांजराच्या घरी ही माहिती खाणीच्या हिशोबापेक्षा मोलाची आहे.

स्फटिकांसारखं दिसणारं सिलिका जेलचं लिटर थोडक्यात आवरतं घेतो. त्यातली सिलिका स्फटिकरूप नसल्यामुळे वरचा कर्करोगाचा मुद्दा तिला लागू होत नाही. ते ओल छान शोषतं आणि वास दाबतं. पण ते कारखान्यात बरीच ऊर्जा खर्चून तयार होतं, मातीत कुजत नाही आणि अनेक मांजरांना पायाखाली टोचतं. सोयाबीनच्या चोथ्यापासून किंवा वाटाण्याच्या तंतूंपासून केलेलं ‘टोफू’ लिटर सध्या फार खपतं. धूळ कमी, वजन हलकं, कुजणारं, आणि पिल्लाने चुकून खाल्लं तरी मातीइतकं जड जाणार नाही. त्यातला बांधून धरणारा पदार्थ बऱ्याचदा गवारगम असतो आणि तो जगाला बहुतांश आपल्याच राजस्थानातून जातो. अडचण आपल्याकडच्या श्रावण-भाद्रपदाची आहे. पिठूळ पदार्थ दमट हवेत उघडे राहिले की बुरशी धरतात, त्यांना किडे लागतात. मक्यापासून केलेल्या लिटरचंही तेच. जळगाव-धुळ्यात मका भरपूर पिकतो, कणसांचा भुगा स्वस्तात मिळू शकतो, पण भिजून काळवंडलेल्या मक्यावरची बुरशी अफ्लाटॉक्सिन तयार करते आणि ते यकृताचं विष आहे. जनावरांच्या खाद्यात जो मका चालत नाही तो मांजराच्या ट्रेमध्येही चालत नाही.

फुकटचे दोन पर्याय गावात सर्रास वापरले जातात: वाळू आणि राख. दोन्ही मला नापसंत आहेत. वाळू ओल शोषत नाही. लघवी तळाशी साचते आणि उन्हाळ्यात दोन दिवसांत खोलीत थांबवत नाही. शिवाय गिरणेच्या वाळूचं काय चाललं आहे हे जळगाव जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. नदीचं पात्र खरवडून आणलेल्या वाळूला पर्यावरणस्नेही म्हणता येत नाही, मग ती शेजारच्या बांधकामावरून पाटीभर आणलेली का असेना. राखेचं प्रकरण रसायनाचं आहे. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया बनवतात. माध्यम आम्लधर्मी असेल तर तो बराचसा तिथेच बांधलेला राहतो आणि क्षारधर्मी असेल तर वायू होऊन सुटतो. लाकडाची राख चांगलीच क्षारधर्मी असते, त्यामुळे ती वास दाबण्याऐवजी वाढवते. आणि ओली राख पंजांच्या मऊ कातडीला झोंबते, मग मांजर पंजे चाटून तीच पोटात घेतं.

आता लाकूड. एरंडोलच्या घरासाठी रोजचा पर्याय म्हणून मी यालाच पहिली पसंती देतो, पण अटींसह. वखारीत आणि सुताराकडे लाकडाचा भुसा निघतोच. त्यासाठी नवं झाड तोडावं लागत नाही आणि तो दूरवरून आणावाही लागत नाही. लाकूड सौम्य आम्लधर्मी असल्यामुळे अमोनिया धरून ठेवतं. पण करवतीखालचा पिठासारखा भुसा नको, कारण लाकडाची बारीक धूळही कर्करोगकारक ठरलेली आहे आणि ती मांजराच्या नाकाशीच उडते. रंध्याखाली निघणारे पातळ छिलके चालतात. त्याहून चांगल्या म्हणजे दाबून केलेल्या लाकडाच्या कांड्या, ज्यांना बाजारात पेलेट म्हणतात. कोरडा भुसा प्रचंड दाबाखाली साच्यातून काढला की उष्णतेने लाकडातलंच लिग्निन त्याला बांधून ठेवतं, वेगळा डिंक लागत नाही. लघवी पडली की कांडी फुलते आणि तिचा भुसा होऊन खाली बसतो. जाळीचा दुहेरी ट्रे असेल तर रोज हलवून हा भुसा खालच्या कप्प्यात पाडायचा, विष्ठा वरून उचलायची, कोरड्या कांड्या वर राहतात. अटींतली मोठी अट अशी की भुसा प्लायवूडचा, एमडीएफचा, पॉलिश केलेल्या किंवा वाळवीचं औषध मारलेल्या लाकडाचा नसावा. आजकाल फर्निचरच्या दुकानातला बहुतेक भुसा नेमका तसाच मिश्र असतो, आणि त्यात फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो. त्यामुळे वखारीत विचारून, एकाच जातीच्या कोऱ्या लाकडाचा भुसा घ्यावा. बॉयलरसाठी विकल्या जाणाऱ्या कांड्यांतही काय काय मिसळलं आहे हे विचारल्याशिवाय त्या घरात आणू नयेत.

इथे कपाशीच्या पऱ्हाट्यांचा उल्लेख टाळता येत नाही. वेचणी संपली की खान्देशात त्या उपटून बांधावर पेटवल्या जातात आणि धूर गावावर येतो. मुंबईच्या माटुंग्यातली कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था, म्हणजे १९२४ मध्ये सुरू झालेली सिरकॉट, हिने पऱ्हाट्यांपासून पार्टिकल बोर्ड आणि जळणाच्या कांड्या करण्याचं काम केलेलं आहे. म्हणजे दळण्याची आणि दाबण्याची विद्या आपल्याकडे आहे. लिटरसाठी त्या वापरायच्या तर शेवटच्या फवारण्यांचे अंश तपासून घ्यावे लागतील, कारण मांजर ट्रेमधून बाहेर येताच पंजे चाटतं. हा तपास एखाद्या कृषी महाविद्यालयाने किंवा जिनिंगवाल्यांनी हाती घ्यावा इतका तो सोपा आणि गरजेचा आहे. केळीच्या खांबांचं मात्र तसं नाही. रावेर-यावलकडे ते डोंगरासारखे पडलेले असतात, पण त्यांच्यात पाणीच इतकं असतं की वाळवण्याचा खर्च परवडणार नाही. त्यांचं खत करणंच बरं.

कागदाबद्दल बोलताना एरंडोलचा हक्क पहिला. जुन्या गॅझेटियरांत एरंडोलची एक ओळख जाड देशी कागदासाठी नावाजलेलं गाव अशी नोंदलेली आहे. तो धंदा आता इतिहासजमा झाला, पण रद्दी घरोघरी आहे आणि लिटर म्हणून कागद तिथे सर्वांत चांगला चालतो जिथे बाकी सारं नको असतं. शस्त्रक्रियेनंतर टाके ओले असताना धूळ आणि भुसा जखमेत जाऊ नये म्हणून पशुवैद्य कागदाचंच लिटर सुचवतात. पिल्लांनाही ते चालतं. घरी करायचं तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून भिजवायच्या, पाणी निथळून पुन्हा स्वच्छ पाण्यात पिळायच्या, थोडा खायचा सोडा चोळायचा आणि हाताने कुस्करून गच्चीवर पसरायच्या. चैत्र-वैशाखातल्या आपल्या उन्हात एका दिवसात खडखडीत वाळतात. गुळगुळीत रंगीत पुरवण्या यात घालू नयेत. कागदाची उणीव अशी की तो वास धरत नाही आणि लवकर लोळागोळा होतो. चार किलोचं मांजर दिवसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास लघवी करतं, तेव्हा एक-दोन दिवसांत ट्रे रिकामा करावाच लागतो. आणि पिळायला लागणारं पाणीही हिशोबात धरावं लागेल, कारण खान्देशातल्या अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही.

यावर मांजर पाळणारे म्हणतील की हा सगळा हिशोब माणसांचा झाला, मांजराला विचारलं का? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. घरचं मांजर हे वाळवंटी, कोरड्या प्रदेशातल्या रानमांजराचं वंशज आहे, आणि पसंतीच्या चाचण्यांत बहुतेक मांजरं बारीक कणांच्या, बिनवासाच्या मातीकडे वळतात. लाकडाच्या कांड्या त्यांना जाड वाटतात. न आवडलेला ट्रे मांजर सोडून देतं आणि गादीवर जातं. मग ती गादी धुवायला जे पाणी आणि साबण लागतो त्यापुढे लिटरचा पर्यावरणी फायदा टिकत नाही. म्हणून बदल हळूहळू करावा. जुन्या मातीत मूठभर नवं लिटर मिसळत तीन-चार आठवड्यांत प्रमाण उलटं करावं, आणि जमेल तर दोन ट्रे शेजारी ठेवून मांजरालाच निवडू द्यावं. पिल्लूपणापासून लाकडाची किंवा कागदाची सवय लागलेलं मांजर सहसा कुरकुरत नाही. मोठं मांजर महिनाभरातही तयार झालं नाही तर मातीवर परत यावं, त्यात कमीपणा नाही. फक्त सुगंधी माती घेऊ नये. तो सुवास माणसाच्या समाधानासाठी असतो आणि मांजराच्या तीक्ष्ण नाकाला तो छळ वाटतो. वास येत असेल तर ट्रे कमी वेळा साफ होतोय एवढाच त्याचा अर्थ.

पुढचा टप्पा ट्रेबाहेरचा, आणि ‘विघटनशील’ हा शब्द इथेच खरा किंवा खोटा ठरतो. कोणतंही लिटर शौचालयात टाकू नये, पिशवीवर टाकता येतं असं लिहिलेलं असलं तरी. माती फुगून पाइप आणि सेप्टिक टाकी तुंबवते, आणि टॉक्सोप्लाझ्माचे कोश सांडपाण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेतून सुटतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरं या परजीवीने मरू लागली तेव्हा तिथे विष्ठा शौचालयात सोडू नये अशी सूचना लिटरच्या पिशवीवर छापणं कायद्याने बंधनकारक झालं. आपल्याकडे २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक कचरा वेगळा करायला सांगितलं. विष्ठा मिसळलेलं लिटर ओल्या कचऱ्यात टाकलं तर त्यापासून झालेल्या खताला हात लावणाऱ्या सफाई कामगाराच्या अंगाशी येतं. आणि कुजणाऱ्या भुशाची प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ती घंटागाडीत दिली, तर तो भुसा कचरा डेपोवर हवेवाचून सडतो आणि मिथेन सोडतो. तिथे माती निदान निष्क्रिय पडून राहते. महागडं कुजणारं लिटर घेऊन ते असं फेकणाऱ्याने पर्यावरणासाठी फारसं काही केलेलं नाही.

ज्याच्याकडे हातभर जमीन आहे त्याने ती वापरावी. एरंडोलच्या बऱ्याच घरांकडे ती अजून आहे, आणि म्हणूनच इथे लाकूड-कागदाची बाजू जड होते. पण काळ्या जमिनीत खड्डा करताना तिचा स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. पावसाळ्यात ती पाणी मुरू देत नाही आणि खड्ड्याचं डबकं होतं. उन्हाळ्यात तिच्या भेगांतून वरचं सारं खोल उतरतं. तेव्हा खड्डा उंचवट्यावर, विहीर किंवा बोअरपासून दूर, तळाला मुरूम टाकून करावा आणि दर थरावर कोरडी माती-पालापाचोळा घालावा. दोन खड्डे असावेत. एक भरला की तो बंद करून किमान दीड वर्ष उघडू नये, तोवर दुसरा वापरावा. खत निघेल ते बोगनवेल, कडुनिंब, शेवरी अशा झाडांना घालावं, भाजीला नाही. मातीचं लिटर मात्र या खड्ड्यात टाकू नये, कारण सोडियमयुक्त चिकणमाती आपल्या आधीच चिवट जमिनीला आणखी घट्ट करते.

खान्देशच्या उन्हाचा इथे एक उपयोग आहे. मूळचे भारतीय पशुवैद्य जितेंद्र दुबे यांनी अमेरिकेत आयुष्यभर टॉक्सोप्लाझ्माचा अभ्यास केला. त्यांच्या प्रयोगांत हे कोश ४५ अंश सेल्सिअसला दोन दिवसांत, ५५ अंशांना दोन मिनिटांत आणि ६० अंशांना एका मिनिटात निकामी झाले. घरच्या खताचा खड्डा आतून एवढा सर्वत्र तापेल याचा भरवसा नसतो, म्हणून दीड वर्षाची अट. पण रिकामा ट्रे उकळत्या पाण्याने धुऊन मे महिन्याच्या दुपारी पत्र्यावर उलटा टाकला तर जंतुनाशकाची गरजच राहत नाही. आणि जंतुनाशकांबाबत सांगायलाच हवं. काळं फिनाईल मांजराच्या ट्रेला कधीही लावू नये. फिनॉलवर्गातली रसायनं शरीराबाहेर टाकण्यासाठी लागणारी यकृताची प्रक्रिया मांजरात जवळजवळ निकामी असते, आणि पंजांवरून चाटलेलं थोडंसं फिनाईलही त्याला विषासारखं बाधतं. ब्लीचिंगचं पाणी लघवीच्या अमोनियाशी मिसळलं की घशाला झोंबणारा विषारी वायू निघतो, तेही नको. साधा साबण, गरम पाणी आणि ऊन पुरतं.

घरात गर्भवती असेल तर सासरचे लोक मांजर सोडून द्यायला सांगतात. त्याची गरज नाही. ताज्या विष्ठेतले कोश लगेच लागण करू शकत नाहीत, त्यांना पिकायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणजे विष्ठा रोज उचलली तर कोणतंही लिटर असलं तरी धोका जवळपास मिटतो. ते काम त्या नऊ महिन्यांत घरातल्या दुसऱ्या कोणी करावं. तिला स्वतःलाच करावं लागलं तर हातमोजे घालून, नंतर साबणाने हात धुऊन करावं. मांजराला कच्चं मांस देऊ नये आणि उंदरांमागे बाहेर सोडू नये. त्या काळात तिने अर्धकच्चं मांस आणि न धुतलेली भाजी यांपासूनच जास्त जपायला हवं, कारण माणसाला ही लागण घरच्या मांजरापेक्षा त्या वाटेनेच अधिक होते.